लायसन्स कोर्टानं बंद केलं तरी माणूस गाडी चालवतोय, त्याला अडवायचं कोणी?

तुम्ही विचारलंय की तुमच्या इमारतीतल्या एका गृहस्थांचं लायसन्स कोर्टानं सहा महिन्यांसाठी बंद केलंय, तरी ते रोज सकाळी गाडी काढतात. मग ही शिक्षा पाळली जाते की नाही हे बघतं कोण? आणि घरात नजरकैदेत ठेवलेल्या माणसावर लक्ष कसं ठेवतात, हेही विचारलंय. नजरकैदेचं पुढे थोडक्यात सांगते. पहिल्या प्रश्नाचं उत्तर मला २०१८ सालापासून पाठ आहे. बघणारं कोणी नसतं. गाडीची चावी ज्याच्या हातात आहे त्यानं बघितलं तरच.

आम्ही इंदूरचे, सुदामानगरात राहतो. माझे यजमान गेल्यावर त्यांची गाडी माझ्या नावावर झाली. मला चालवता येत नव्हती, म्हणून माझा थोरला भाऊ, दादा, ती वापरायचा. दोन गल्ल्या सोडून त्याचं घर. आईला दवाखान्यात न्यायचं, लग्नकार्याला जायचं, सगळं त्याच गाडीतून. २०१७च्या पावसाळ्यात एका संध्याकाळी अन्नपूर्णा रोडवर फोनवर बोलता बोलता त्यानं भाजीच्या ठेल्याला धडक दिली. ठेलेवाले काका रस्त्याच्या कडेला भाजी तोलत उभे होते. त्यांच्या मांडीचं हाड मोडलं. दुसऱ्या दिवशी मी त्यांना बघायला गेले, तर त्यांच्या बायकोनं मला एकच विचारलं, "ठेला किसके पास है?" नवरा समोर पाय बांधून पडलेला आणि ती ठेल्याचं विचारत होती, कारण घर त्या ठेल्यावर चालत होतं. मला उत्तर देता आलं नाही.

केस झाली. भारतीय दंड संहितेचं कलम २७९ आणि ३३८. वर्षभर पेश्या चालल्या. दादानं उपचाराचा खर्च दिला आणि काकांनी राजीनामा केला. (इकडच्या कोर्टात समेटाला राजीनामा म्हणतात.) कोर्टाच्या परवानगीनं ३३८ मिटलं, कारण ते जखमी माणसाला मिटवता येतं. २७९ तसं मिटत नाही, बेफाम गाडी चालवणं हा सगळ्यांच्याच विरुद्धचा गुन्हा. जुलै २०१८ मध्ये दादानं गुन्हा कबूल केला. आदेशात तीन गोष्टी होत्या: एक हजार रुपये दंड, कोर्ट उठेपर्यंत तिथेच बसून राहण्याची शिक्षा आणि सहा महिने गाडी चालवायला अपात्र. शिक्षा वाहन वापरून केलेल्या कुठल्याही गुन्ह्याची असो, मोटार वाहन कायद्याच्या कलम २० प्रमाणे कोर्टाला लायसन्स बंद करता येतं.

या तीन शिक्षांचं काय झालं ते बघा. दंड भरला, पावती मिळाली. कोर्ट उठेपर्यंत दादा बाकावर बसून राहिला, पाणी प्यायला उठला तर शिपायानं हटकलं. पाच वाजता साहेब उठले, आम्ही बाहेर आलो, दादानं गाडीचं दार उघडलं आणि स्टिअरिंगवर जाऊन बसला. तिसऱ्या शिक्षेला पाच मिनिटंही झाली नव्हती.

मी म्हटलं, "दादा, आत्ता साहेबांनी काय सांगितलं?"

"मग गाडी काय इथेच टाकून जायची? बस."

आणि मी बसले. मागच्या सीटवर, आईचा हात धरून. एमजी रोडवर दोन चौकांत पोलीस उभे होते. आमच्याकडे कोणी बघितलंही नाही, बघायचं कारणच नव्हतं. ठेलेवाल्या काकांच्या बायकोचा चेहरा घरी पोहोचेपर्यंत माझ्या डोळ्यांसमोर होता. गाडी माझी, मी गाडीत, आणि मी गप्प. हे मला आजही बोचतं. घरी उतरल्या उतरल्या मी चावी मागून घेतली आणि दुसऱ्या चावीसकट गव्हाच्या कोठीत ठेवली.

तुम्ही म्हणाल, लायसन्स जमा करावं लागतं ना? लागतं. कलम २३ प्रमाणे अपात्रतेच्या काळात ते लायसन्स निरुपयोगी होतं. दादानं जमा केलंही. पण पूर्वी एकदा कार्ड हरवलं म्हणून त्यानं दुसरं काढलेलं होतं आणि पहिलं नंतर कपाटात सापडलं होतं. एक कोर्टात गेलं, एक खिशात राहिलं. शिवाय त्याचं लायसन्स नोकरीच्या काळात दुसऱ्या जिल्ह्यात काढलेलं. इंदूरच्या कोर्टाचा आदेश त्या कार्यालयात पोहोचायला हवा, तिथे कोणीतरी तो संगणकावर चढवायला हवा. चार महिन्यांनी मी सारथी या लायसन्सच्या सरकारी साइटवर नंबर टाकून बघितला तर लायसन्स चालू दिसत होतं. कागद वाटेत कुठे थांबला ते मला कधीच कळलं नाही.

आता चौकाचौकात कॅमेरे आहेत, ई-चालान घरी येतं, म्हणून लोकांना वाटतं की असला माणूस आपोआप पकडला जाईल. कॅमेरा नंबरप्लेट वाचतो. बंदी गाडीवर नसते, माणसावर असते. सिग्नल न तोडता, हेल्मेट-बेल्ट लावून चालणारा अपात्र माणूस सहा महिने काय, सहा वर्षं कोणाला सापडणार नाही. सापडतो तो पुढचा अपघात झाल्यावर.

त्या वर्षी गणेश चतुर्थी १३ सप्टेंबरला होती. सकाळी दादा आला, म्हणाला, चावी दे, मूर्ती आणायची आहे. मी नाही म्हटलं. रिक्षानं आणू म्हटलं. त्यावर जे झालं ते मी इथे सगळं लिहीत नाही. वहिनी म्हणाल्या, "सख्ख्या भावाला चोर ठरवताय सणाच्या दिवशी." आई म्हणाली, घरची गोष्ट घरातच राहू दे, चावी दे आणि मोकळी हो. दादाचं म्हणणं सरळ होतं: कोर्टाला पडलेली नाही, पोलिसांना पडलेली नाही, तर तुला कशाला पडलीय? मी दिली नाही. मूर्ती रिक्षातून आली, दादानं मांडीवर धरली होती. आरतीला वहिनी आल्या नाहीत आणि पुढची दोन वर्षं माझ्याशी बोलल्या नाहीत. अनंत चतुर्दशीला दादा मिरवणुकीतल्या झांक्या (चित्ररथ) बघायला साडूची गाडी स्वतः चालवत घेऊन गेला. म्हणजे मी चावी लपवून शिक्षा पाळली गेली असं नाही. माझ्या गाडीतून मोडली गेली नाही, एवढंच.

मी हट्टी आहे असं तेव्हा सगळ्यांनी ठरवलं. मला ते मान्य नाही. कायदा गाडीच्या मालकालाही धरतो. लायसन्स नसलेल्या माणसाच्या हाती गाडी दिली तर कलम १८० प्रमाणे मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड. अपात्र असताना चालवणाऱ्याला कलम १८२ प्रमाणे तशीच कैद किंवा दंड. २०१९च्या दुरुस्तीनंतर हे दंड पाच हजार आणि दहा हजार झालेत, त्याआधी चालवणाऱ्याला जास्तीत जास्त पाचशे होता. पण खरी भीती विम्याची. अपात्रतेच्या काळात तो माणूस गाडी चालवत होता हे विमा कंपनीनं सिद्ध केलं, तर तिला हात वर करता येतात. कोर्टानं कंपनीला आधी भरपाई द्यायला लावली तरी ती रक्कम नंतर मालकाकडून वसूल होऊ शकते. गाडी माझ्या नावावर होती. पुन्हा एखादा ठेलेवाला आडवा पडला असता, तर हे घर विकावं लागलं असतं.

आता नजरकैदेचं. आपल्याकडे घरात राहण्याची शिक्षा अशी शिक्षाच नाही. नव्या भारतीय न्याय संहितेत मृत्युदंड, जन्मठेप, कैद, मालमत्ता जप्ती, दंड आणि २०२४ पासून लागू झालेली समाजसेवा, एवढ्याच शिक्षा आहेत. घरात ठेवतात ते खटला चालू असताना किंवा प्रतिबंधक म्हणून. भीमा कोरेगाव प्रकरणातले आरोपी, कार्यकर्ते गौतम नवलखा यांच्या प्रकरणात २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की योग्य प्रकरणात न्यायालय कोठडीऐवजी घरात ठेवायला सांगू शकतं. शिक्षा झालेल्यांसाठी तसं काही करायचं का ते कायदेमंडळानं ठरवावं. पुढे त्यांना घरात ठेवलं तेव्हा पहारा, कॅमेरे या सगळ्याचा खर्च त्यांच्याच माथी आला आणि २०२४ मध्ये त्यांच्या जामिनावरची स्थगिती वाढवायला नकार देताना न्यायालयानं त्यापोटी वीस लाख भरायला सांगितले. एवढा पहारा सामान्य आरोपीवर कोण ठेवणार? जम्मू-काश्मीर पोलिसांनी २०२३ मध्ये जामिनावरच्या आरोपीच्या पायात जीपीएसचं कडं घातलं. २०२४च्या जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की आरोपीनं फोनवरून आपलं लोकेशन सतत पोलिसांना दाखवत राहावं अशी अट जामिनाला घालता येत नाही. मला दोन्ही बाजू पटतात, म्हणून इथे मत देत नाही.

पण याच्या जवळचं एक मी डोळ्यांनी बघितलंय. आमच्या मागच्या गल्लीतला एक मुलगा जिलाबदर झाला होता, महाराष्ट्रात ज्याला तडीपार म्हणतात तेच. वर्षभर जिल्ह्यात पाय ठेवायचा नाही. तो लपूनछपून रात्री आईकडे जेवायला यायचा. तिसऱ्या की चौथ्या खेपेला पोलिसांनी दारातून उचलला. का सापडला? थान्यात त्याच्या नावाची यादी होती आणि आमच्या भागाचा एक हवालदार ठरलेला होता. तो आठवड्यातून एकदा गल्लीत चक्कर मारायचा, ओट्यावर बसलेल्यांना विचारायचा. आदेशाखाली सही करणारा कितीही मोठा असो, ज्या आदेशाच्या मागे एक ठरलेला माणूस असतो तोच पाळला जातो. माझ्या दादाच्या लायसन्सच्या मागे कोणी नव्हतं, म्हणून ते काम माझ्याकडे आलं. मी ते मागून घेतलं नव्हतं.

तुम्हाला करण्यासारखं एवढंच: तक्रार करायची तर वाहतूक पोलिसांकडे लेखी करा, आदेशाची तारीख आणि कोर्टाचं नाव घाला. नुसतं "अमुक माणूस चालवतो" म्हटलं तर कोणी हलत नाही. ते गृहस्थ घरचेच असते तर मी म्हटलं असतं, कोर्टातून आदेशाची नक्कल काढा आणि ज्या कार्यालयानं लायसन्स दिलं तिथे स्वतः नेऊन पोच घ्या. नोंद चढली की रस्त्यात पोलिसानं फोनवर तपासलं तरी दिसतं, मग कपाटातलं दुसरं कार्ड काही उपयोगाचं नाही.

मी वकील नाही, हे आधी सांगायला हवं होतं. तुमच्या शेजाऱ्यांचा आदेश कोर्टाचा आहे की परिवहन कार्यालयाचा, हेही बघा. कार्यालयाचा असेल तर तीस दिवसांत अपील करता येतं, आणि त्यांनी ते करून स्थगिती आणली असेल तर ते चालवताहेत यात काही चूक नाही. पोटासाठी गाडी चालवणाऱ्याचं लायसन्स सहा महिने बंद होतं तेव्हा घरात काय होतं तेही मला कळतं. दादाचं तसं नव्हतं. त्याला रिक्षात बसायची लाज वाटत होती.

तक्रारीच्या आधी मात्र एक करा. गाडी कोणाच्या नावावर आहे ते बघा. बायकोच्या किंवा मुलाच्या नावावर असेल तर त्यांच्याशी आधी बोला आणि विम्याचं समजावून सांगा, पैशासकट. मी वहिनींना तेव्हा ते सांगितलंच नाही, नुसतं कोर्ट आणि कायदा करत राहिले. दोन वर्षांनी सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "हे त्या दिवशी बोलला असतात तर मीच त्यांच्या हातून चावी घेतली असती."