अक्षर ‘ठ’, नाव आर्द्रा

“मॅडम, पत्रिकेतलं अक्षर सोडून नाव ठेवलं तर बाळाला त्रास होतो का?” नवे आईबाबा हा प्रश्न मला सतत विचारतात. हल्ली ध्रुव, कृत्तिका, आर्द्रा अशी आकाशातली नावं मनात धरलेली असतात आणि घरात त्यावरून अबोला. म्हणून हे एक उदाहरण, ओळख पटेल असे तपशील बदलून.

दोघांची ओळख वांगणीच्या आकाशदर्शनात झाली. मृगातला तांबूस तारा, आर्द्रा, त्याने तिला दाखवला. पुढे लग्न ठरलं तेव्हाच ठरलं, मुलगी झाली तर आर्द्रा. मुलगी झाली. हस्त नक्षत्र, चौथा चरण, अक्षर ‘ठ’. सासूबाई म्हणाल्या, ‘ठ’ नको तर कन्या राशीचा ‘प’ घ्या, पण आर्द्रा नाही. हा तारा फुटणार असल्याचं त्यांनी पेपरात वाचलं होतं. “मरायला टेकलेल्या ताऱ्याचं नाव माझ्या नातीला?”

मुलाने समजावलं, 2019 च्या अखेरीस तारा मंदावला खरा, पण पुन्हा उजळला; फुटायला लाखभर वर्षंही लागतील. सगळं बरोबर, उपयोग शून्य. बारसं लांबलं.

माझा अनुभव असा, की घरातलं भांडण ज्या गोष्टीवरून चाललेलं दिसतं, त्या गोष्टीचं ते क्वचितच असतं. तिघांना एकत्र बसवलं आणि ताऱ्याचा विषयच काढला नाही. आजींना विचारलं, “तुमचं नाव कोणी ठेवलं?”

“कुठलं? माहेरचं की इथलं?”

लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीने नवं नाव लिहिलं, तेव्हा ते त्यांना कळलं. मुलाचं नाव सासऱ्यांनी ठरवलं. “नातीचंही तुमचं आधीच ठरलेलं. मला फक्त कळवलंत.”

मुलगा काहीतरी बोलणार होता. मी हातानेच थांबवलं. अशा वेळी गप्प बसणं मी वर्षानुवर्षं शिकत आले आहे. बऱ्याच वेळाने सून म्हणाली, “आई, माहेरचं नाव काय होतं तुमचं?”

“कुसुम.”

मग आजीच बोलत राहिल्या. कोकणातलं माहेर, जूनच्या अखेरीस आर्द्रा लागल्या की भाताची लावणी, चिखलात दिवसभर वाकलेली आई. तारा फुटण्याचा विषय पुन्हा निघाला नाही. त्यांना विज्ञान पटवायचं नव्हतंच, विचारायचं होतं.

आता अक्षराचं. त्याने बाळाला त्रास होत नाही. 27 नक्षत्रं, प्रत्येकी चार चरण, अशी 108 अक्षरं. त्यांत आर्द्रेच्या तिसऱ्या चरणाला ‘ङ’ येतो, हस्ताच्या तिसऱ्याला ‘ण’. त्यावरून नाव कोण ठेवणार? पत्रिकेतलं नाव वेगळं आणि हाकेचं वेगळं, ही सोय आपल्याकडे जुनीच आहे. या घरात आत्याने कानात कुर्र करताना आधी आजींनी निवडलेलं ‘प’चं नाव सांगितलं, मग आर्द्रा.

तुमच्याकडेही असं चाललं असेल, तर नाव पक्कं करून मोठ्यांना कळवू नका. दोन-तीन नावं मनात घोळत असतानाच त्यांच्याजवळ बसा. बारशाच्या तारखेपायी घाईही नको. जन्मनोंदणीत नाव घालायला पहिले 12 महिने शुल्क लागत नाही, त्यानंतरही 15 वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून घालता येतं. फक्त आर्द्रासारख्या नावाचं इंग्रजी स्पेलिंग एकदाच ठरवा आणि दाखला, आधार, शाळा सगळीकडे तेच लिहा.