पहिली गाडी गावातून निघते

सप्रेम नमस्कार.

नुनावुतमध्ये शिकारीला जाऊन हरवलेल्या माणसांच्या शोधाबद्दलचा तुझा संशोधन प्रस्ताव आणि सोबतची लांबलचक मेल, दोन्ही वाचलं. थर्मल कॅमेऱ्याचा ड्रोन, पोलिसांच्या जुन्या नोंदींवर शिकवलेलं मॉडेल, आणि शेवटच्या पानावर ‘सामुदायिक सहभाग’ या नावाच्या पाच ओळी. गावच्या शिकारी संघटनेने एवढंच विचारलं की याने आमचं काम कसं सोपं होईल, आणि तेव्हापासून तू हातपाय गाळून बसली आहेस. तू त्याला नकार समजतेस. मला तो सरळ प्रश्न वाटतो, आणि त्याचं उत्तर तुझ्या चाळीस पानांत मला कुठे सापडलं नाही.

कॅनडाच्या उत्तर टोकाच्या या नुनावुतमध्ये 25 गावं आहेत आणि कुठल्याही दोन गावांना जोडणारा रस्ता नाही. शिकारीला गेलेला माणूस ठरल्या वेळी परतला नाही, की घरचे आधी आपसांत फोन फिरवतात, मग आरसीएमपीला, म्हणजे कॅनडाच्या केंद्रीय पोलिसांना, कळवतात. तिथून राजधानी इक्कालुइतच्या आपत्कालीन व्यवस्थापन कार्यालयाला. जमिनीवरचा आणि गावाजवळच्या बर्फावरचा शोध ही हवाई दलाची मूळ जबाबदारी नाहीच. गावाची ताकद संपली की दूर दक्षिणेतल्या ट्रेंटन किंवा हॅलिफॅक्सच्या बचाव समन्वय केंद्राकडे विनंती जाते. हवाई दलाचा उड्डाणाचा नियम कामाच्या वेळेत 30 मिनिटं आणि एरवी 2 तास असा आहे. पण तो फक्त चाकं धावपट्टी सोडेपर्यंतचा. पुढे हजारो किलोमीटर आहेत. तोवर बर्फावर कोण असतं? गावातले आठ-दहा स्वयंसेवक. स्वतःच्या स्नोमोबिलवर, म्हणजे बर्फावरच्या गाडीवर, मागे ओढायच्या स्वतःच्या कामुतीकमध्ये, म्हणजे लाकडी घसरगाडीत, तंबू, चूल आणि पेट्रोल घेऊन. पहिली गाडी गावातून निघते. तुझ्या प्रस्तावातलं प्रत्येक वाक्य या एका वाक्यासमोर धरून बघ.

ड्रोनपासून सुरू कर. उणे 30 अंशांत बॅटरी किती मिनिटं टिकते हे कंपनीच्या पत्रकावरून ठरवू नकोस. वारा असेल तर परतीचा प्रवास जाण्यापेक्षा महाग पडतो, आणि बर्फाळ धुक्यात पंख्यांवर बर्फ धरतं. हे सगळं सुटलं असं धरू. तरी थर्मल कॅमेरा शोधतो उष्णता, आणि जाणता शिकारी अडकला की पहिलं काम करतो ते उष्णता लपवण्याचं: इग्लू बांधतो, निदान वाऱ्याच्या आड बर्फात खोदून बसतो. बर्फ उत्तम उष्णतारोधक असल्यामुळे भिंतीचा बाहेरचा पृष्ठभाग भोवतालच्या बर्फाइतकाच थंड राहतो. स्नोमोबिलचं इंजिन काही तासांत गारठतं. म्हणजे जो माणूस सगळं बरोबर करतोय, तोच तुझ्या कॅमेऱ्याला दिसत नाही! हे तुला चाचणीच्या मैदानात कळणार नाही, कारण तिथे तुझा सहकारी उघड्यावर उभा राहून हात हलवत असेल.

शोधशास्त्राचं मूळ सूत्र तू पान 6 वर दिलं आहेस आणि पान 7 वर विसरली आहेस. यशाची शक्यता म्हणजे माणूस त्या क्षेत्रात असण्याची शक्यता गुणिले असल्यास दिसण्याची शक्यता. ड्रोन वाढवतो तो फक्त दुसरा आकडा. पहिला आकडा 10 टक्के असेल, तर जगातला सर्वोत्तम कॅमेरासुद्धा तुला 10 टक्क्यांच्या वर नेणार नाही. पहिला आकडा ठरतो गावात, रेडिओजवळ बसलेल्या म्हाताऱ्यांच्या बोलण्यातून. हरवलेला माणूस कोणत्या वाटेने जातो, यंदा बर्फात भेग कुठे उघडली, वारा फिरल्यावर तो कुठल्या किनाऱ्याकडे वळेल. इग्लूलिककडचे लोक वायव्येच्या उआंगनाक वाऱ्याने घडवलेल्या, जिभेच्या आकाराच्या कठीण बर्फलाटांवरून दिशा धरतात. त्यांना उकालुराइत म्हणतात. तुझ्या मॉडेलमधले भरकटलेल्या माणसाच्या वागण्याचे तक्ते मुख्यतः दक्षिणेकडच्या जंगलांतले आणि डोंगरांतले आहेत. त्यात मशरूम गोळा करणारे आहेत, गिर्यारोहक आहेत. तेल संपल्यावर गाडीजवळ शांत बसून राहणारा पन्नाशीचा शिकारी नाही.

आता त्या पोलिसी नोंदी. फाइल उघडते ती कोणीतरी फोन केल्यावर. भावाने दोन कॅन पेट्रोल नेऊन ज्याला रात्रीत परत आणलं, त्याची फाइलच नसते. गावाने सर्वांत चांगलं केलेलं काम तुझ्या आकड्यांत शून्य म्हणून येतं, आणि तू त्या शून्यावर मॉडेल शिकवणार आहेस. आमच्या पिढीने हेच केलं, वर्षानुवर्षं. कारणाच्या रकान्यात ‘यांत्रिक बिघाड’ असं वाचून आम्ही आलेख काढत राहिलो. कोणता बिघाड, स्नोमोबिलचा जादा बेल्ट का नव्हता, गावात त्याची किंमत किती, हे विचारायचं राहूनच गेलं. त्याची चुटपुट आजही आहे, म्हणून थोडा चिडून लिहितोय.

तुला काम हवंय ना? हे घे. प्रत्येक शोधात सहा घटनांची वेळ नोंदव: माणूस निघाला कधी, परतायचा होता कधी, घरच्यांना पहिल्यांदा काळजी वाटली कधी, पहिला फोन झाला कधी, पहिली गाडी निघाली कधी, शोध संपला कधी. चौथी आणि पाचवी यांच्यातलं अंतर हा तुझ्या प्रबंधाचा गाभा. ते कशाने वाढतं ते गावालाच विचार. पेट्रोल देण्याची परवानगी मिळत नाही म्हणून? गाड्या नादुरुस्त म्हणून? वेळा लिहिताना सांभाळ, नुनावुतमध्ये तीन वेळक्षेत्रं आहेत, त्यातलं कोरल हार्बर हे गाव उन्हाळ्यातही घड्याळ पुढे करत नाही, आणि समन्वय केंद्र जागतिक प्रमाणवेळेत बोलतं. गावात सांगितली तशी वेळ एका रकान्यात लिही, बदललेली दुसऱ्या. पहिली पुसू नकोस.

तोच नियम अक्षांशांना. रेडिओवरून कोणी सांगतो, ‘एकोणसत्तर, तीस पॉइंट पाच शून्य’. हे 69 अंश 30.50 मिनिटं आहे. ऐकणाऱ्याने 69.3050 अंश असं टाकलं, तर गाड्या साडेबावीस किलोमीटर दक्षिणेला जातात. तीसच्या पुढे पन्नास सेकंद समजला तर चूक सहाशे मीटरची. ऐकायला किरकोळ, पण हिमवादळात तेवढं पुरतं. जीपीएसवर कोणती पद्धत लावलेली आहे हे निघण्याआधी सगळ्यांनी जुळवणं, एवढ्या एका गोष्टीवर तू गावाबरोबर बसलीस तर ड्रोनपेक्षा जास्त पदरात पडेल.

उपग्रह संदेशयंत्रांबद्दल तुझा परिच्छेद बरा आहे, अपुरा आहे. ग्लोबलस्टारवर चालणाऱ्या यंत्राला उपग्रहाबरोबर जमिनीवरचं स्थानकही लागतं, म्हणून फार उत्तरेला ते दगा देतं. इरिडियमचे 66 उपग्रह ध्रुवांवरून फिरतात. बॅटरी पार्काच्या, म्हणजे जाड कोटाच्या, आत उबेत ठेवायची, पण अँटेनाला आकाश हवं. म्हणून बाहेर काढा, संदेश गेल्याची खूण बघा, परत आत. बटण जाड हातमोजा घालून दाबून बघ; दाबता येत नसेल तर ते यंत्र तिथे कामाचं नाही. आणि गावच्या कार्यालयातून अशी यंत्रं उसनी मिळत असतील, तर शुक्रवारी संध्याकाळी कार्यालय बंद झाल्यावर ती कोणाच्या कपाटात असतात ते विचार.

मी यंत्रांच्या विरुद्ध आहे असं तुझ्या विभागात बोललं जातं. साफ खोटं. स्मार्टआइस बघ: बर्फात गोठवून ठेवलेली तापमापकांची माळ आणि स्नोमोबिलमागे कामुतीकवर ओढायचा जाडी मोजणारा संवेदक. तो ओढतात गावातलेच लोक, आणि कुठे जाऊ नये हे पहिली गाडी निघण्याआधी कळतं. नुनावुतमधल्याच सानिकिलुआक गावाहून 2019 मध्ये सुरू झालेलं सिकू ॲप बघ. त्यात धोक्याची भेग शिकारी स्वतः आपल्या भाषेतल्या शब्दाने टाकतो. दोन्ही माझ्या कसोटीला उतरतात, म्हणून मी त्यांची बाजू घेतो. हट्ट म्हण हवं तर.

आणि धोरणावर लिहायचंच असेल तर मोठ्या शब्दांपासून लांब राहा. जानेवारी 2012 मध्ये लॅब्राडोरच्या माकोविकजवळ 14 वर्षांचा एक मुलगा स्नोमोबिल अडकल्यावर समुद्राच्या बर्फावरून 19 किलोमीटर चालला आणि मरण पावला. हेलिकॉप्टरच्या पहिल्या विनंतीला हवामानाचं कारण आलं. त्यानंतर पुन्हा फोन कोणी करायचा? नियमाप्रमाणे मागणाऱ्याने. नंतर तो नियम बदलून ती जबाबदारी समन्वय केंद्रावर आली. अशी एकेक ओळ शोधून काढ. रेंजर, म्हणजे सैन्याच्या राखीव दलात, असलेला स्वयंसेवक अधिकृत हुकुमाआधी निघाला तर जखमी झाल्यावर त्याचा खर्च कोण देतो, ही तशीच एक ओळ. 2020 च्या सुरुवातीला केंब्रिज बेमध्ये पश्चिम नुनावुतच्या किटिकमिओट भागातल्या पाच गावांचे लोक एकत्र बसले होते. तिथे काय मांडलं गेलं ते वाचल्याशिवाय नवी प्रश्नावली छापू नकोस. तीच माणसं तेच प्रश्न ऐकून कंटाळली आहेत.

संशोधनाच्या परवान्याचं तुला ठाऊक आहे: तो देते नुनावुत रिसर्च इन्स्टिट्यूट, आणि इनुइत तापिरीत कानातामी या इनुइतांच्या राष्ट्रीय संघटनेच्या 2018 च्या संशोधन धोरणाप्रमाणे गोळा केलेल्या विदेवर (डेटावर) ताबा इनुइतांचा. मानधन मुलाखतीच्या दिवशीच हातात दे. वसंतातल्या शिकारीच्या आठवड्यांत जाऊ नकोस. गाव रिकामं असतं, आणि तुझ्यासाठी कोणी थांबावं असं तुला वाटता कामा नये.

पहिलं पान नव्याने लिही आणि प्रश्न त्या संघटनेच्याच शब्दांत ठेव. ड्रोनचे पैसे बेल्ट, स्पार्क प्लग आणि टू-स्ट्रोक तेलाच्या राखीव पेटीकडे वळव, म्हणजे पेटी असलेल्या आणि नसलेल्या गावांत चौथ्या-पाचव्या वेळेतलं अंतर मोजता येईल. मार्गदर्शकांनी ‘यात नावीन्य काय’ विचारलं तर माझं नाव सांग. मागणी मात्र लवकर नोंदव. मालाचं जहाज फक्त उन्हाळ्यात जातं. ते चुकलं तर तीच पेटी विमानाने न्यावी लागेल, आणि तेवढं भाडं तुझ्या अंदाजपत्रकात कुठे दिसत नाही.