सोलापूरजवळचं उजनी हे नैसर्गिक सरोवर आहे का? तिथे फ्लेमिंगो का येतात?

नाही, नैसर्गिक नाही. माढा तालुक्यात भीमेवर बांधलेलं धरण 1980 साली पूर्ण झालं, त्यामागे साठलेलं पाणी म्हणजे यशवंतसागर. साठवण सुमारे 117 टीएमसी (म्हणजे अब्ज घनफूट), पण त्यातलं निम्म्याहून जास्त मृतसाठा, म्हणजे दारांच्या पातळीखालचं, नेहमीसारखं सोडता न येणारं पाणी. मृतसाठ्याच्या वरचं पाणी संपलं की पातळी उणे मोजतात. म्हणून उन्हाळ्यात आपल्याकडे 'उजनी मायनसमध्ये गेलं' असं ऐकू येतं, तेव्हाही धरणात बरंच पाणी असतं.

आपल्या भागातल्या पावसावर हे भरत नाही. मुळा-मुठा, पवना, इंद्रायणी या नद्यांचं सह्याद्रीतलं पाणी भीमेतून इथे येतं. सोलापुरात कडक ऊन असतानाही पुण्याकडच्या पावसाने उजनीची पातळी वाढते. त्याच वाटेने पुण्याचं सांडपाणीही येतं, आणि ते आपण पितो. याकडे आणखी गंभीरपणे बघायलाच हवं.

आता फ्लेमिंगो, म्हणजे रोहित. हिवाळ्यानंतर पाणी ओसरू लागतं तसा भिगवण, कुंभारगावच्या बाजूला उथळ चिखलाचा पट्टा उघडा पडतो. रोहित मान खाली घालून चोच उलटी धरतो, जिभेने पाणी आत-बाहेर खेचतो आणि चोचीच्या कडेच्या बारीक जाळीत शेवाळ, किडे, अळ्या अडकवतो. खोल पाण्यात हे जमत नाही. त्यामुळे धरण काठोकाठ भरलेलं असेल तर तिकडे जायची घाई करू नका, फेब्रुवारी-मार्च बरा. पाणी फारच आटलं तर पळसदेवचं बुडालेलं जुनं मंदिरही बघायला मिळतं.