वाचक विचारतात : स्कर्टऐवजी पँट आणि केसांना कात्री

मुलगी आठवीत आहे. सायकलने शाळेत जाते, स्कर्ट नको म्हणते. बाई म्हणतात, ‘नियम म्हणजे नियम.’ पँट मागता येईल का?

येईल. पण ‘स्कर्ट बंद करा’ असं लिहू नका. ‘त्याच कापडाच्या पँटची मुभा द्या’ असं लिहा. केरळमधल्या बालुश्शेरीच्या सरकारी शाळेने डिसेंबर २०२१ मध्ये मुलींनाही मुलांसारखा पँट-शर्ट दिला, तेव्हा काही संघटना रस्त्यावर आल्या त्या ‘गणवेश लादला’ म्हणून. नुसती मुभा मागितली तर ही तक्रारच उरत नाही.

अर्ज जानेवारी-फेब्रुवारीत द्या. जूनमध्ये गेलात तर कापड येऊन पडलेलं असतं आणि ‘पुढच्या वर्षी बघू’ हे उत्तर ठरलेलं. आणखी काही पालकांच्या सह्या घ्या, आपल्या प्रतीवर शिक्क्यासह पोच घ्या आणि पालक-शिक्षक संघाच्या विषयपत्रिकेवर विषय घालायला लावा. जिल्हा परिषदेची शाळा असेल तर शाळा व्यवस्थापन समितीकडे जा; तिथे तीन चतुर्थांश सदस्य पालकच असतात. २०२४-२५ चा ‘एक राज्य, एक गणवेश’ प्रयोग गुंडाळल्यावर (कपडे वेळेवर पोचलेच नाहीत!) गणवेशाचं काम पुन्हा याच समितीकडे आलं.

परवानगीनंतर घोळ होतो तो रंगाचा. बाजारातली तयार नेव्ही ब्लू पँट शाळेच्या कापडाशी सहसा जुळत नाही आणि प्रार्थनेच्या रांगेत पोरगी उठून दिसते. शाळेच्याच दुकानातून, जमल्यास त्याच ताग्यातलं कापड घ्या. ५८ इंची पन्ह्याचं सव्वा मीटर पुरतं. उंची वाढतेय, तेव्हा पायाला आत तीन इंच दाब सोडायला सांगा. आणि खिसे मागूनच घ्या. मुलीची पँट म्हटलं की शिंपी ते हमखास गाळतात.

केस वाढले म्हणून सरांनी सातवीतल्या मुलाचे केस वर्गातच कापले. हे चालतं?

नाही. केस किती असावेत हे शाळा ठरवू शकते, कात्री लावू शकत नाही. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ मध्ये शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना मनाई आहे. दोषी शिक्षकावर सेवानियमांनुसार कारवाई होऊ शकते. त्याच दिवशी डोक्याचे फोटो काढा, मुख्याध्यापकांना लेखी तक्रार द्या. दाद मिळाली नाही तर गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे. कलम ३२ नुसार तीन महिन्यांत निर्णय अपेक्षित आहे. त्यावर अपील राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे. ‘सॉरी म्हणाले, सोडून द्या’ असं तोंडी मिटवलंत तर पुढच्या वेळी हातात कागद नसतो.

निषेध म्हणून गणवेशावर काळी फीत लावली तर? (विद्यार्थी, दहावी)

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६९ च्या टिंकर खटल्यात अशी फीत लावायचा विद्यार्थ्यांचा हक्क मान्य केला. आपल्याकडे आधार आहे तो १९८६ च्या बिजो इमॅन्युएल निकालाचा : राष्ट्रगीत न गाता आदराने उभ्या राहिलेल्या तीन भावंडांना शाळेत परत घ्यावं लागलं. दोन्हीकडे मुलांनी शाळेत गोंधळ घातला नव्हता, हे महत्त्वाचं. मुख्याध्यापकांना आदल्या दिवशी चिठ्ठी द्या, वर्गात घोषणा नकोत, आणि बोर्डाच्या परीक्षेला फीत घरीच ठेवा.