रंगपेटी घरून मागवू नका

प्रश्न : आमची जिल्हा परिषदेची द्विशिक्षकी शाळा, पहिली ते पाचवी, पट 38. चित्रकलेच्या तासाला सात-आठ मुलेच रंग आणतात, बाकीची बघत बसतात. काय करावे? (शिक्षिका, नंदुरबार जिल्हा)

उत्तर : घरून साहित्य मागवणे आधी थांबवा. ज्या दिवशी रंगपेटी मागवली जाते, त्या दिवशी वर्गाचे दोन भाग पडतात. मागे राहणारी मुले दरवेळी तीच असतात. रंग शाळेचे असू द्या आणि ते तास सुरू होण्याआधी तयार असू द्या.

बाभळीचा डिंक 50 ग्रॅम, कोमट पाणी 200 मिली. रात्रभर भिजवून सकाळी फडक्यातून गाळा. दोन चमचे वस्त्रगाळ गेरूला एक चमचा डिंकपाणी घालून घोटा, मग लागेल तसे साधे पाणी घाला. पांढऱ्यासाठी खडूची पूड, काळ्यासाठी दिव्याची काजळी. काजळी थेट पाण्यात टाकली तर वरच तरंगते, म्हणून तिला आधी थोड्या डिंकपाण्यात घोटून लगदा करावा लागतो. वाळल्यावर रंग बोटाला लागत असेल तर डिंक कमी पडला. चकाकून पापुद्रे सुटत असतील तर जास्त झाला. हळदीचा पिवळा उन्हात उडतो आणि चुन्याला लागला की लाल होतो, तेव्हा ती चित्रे भिंतीवर उन्हात लावू नका. डिंकपाणी दोन-तीन दिवसांत आंबते. एका तासापुरतेच करा.

कुंचल्याऐवजी बांबूची काडी चालते. टोक भिजवून दगडाने हलके ठेचले की तंतू सुटतात. वारली चित्रे अशाच काडीने रंगतात. कागद पाठकोरे घ्या. वर्तमानपत्रावर रंग फुटतो, त्याला आधी कणकेची पातळ खळ लावून वाळवा.

वेळापत्रकात दोन तासिका जोडून मागा. एकाच तासिकेत निम्मा वेळ मांडामांड आणि धुण्यात जातो, आणि मग तास टाळलाच जातो. कलेचे मूल्यमापन आकारिकच असते, म्हणजे वर्षभरातल्या नोंदींवरून होते. नोंद करताना ‘छान चित्र काढतो’ एवढ्यावर थांबू नका, ‘दूरचे झाड लहान काढले’ असे दिसलेले लिहा.

प्रश्न : आमच्या शाळेत सहावी ते आठवीला मिळून 84 मुले आहेत. कलाशिक्षक मागता येईल का? (पालक, शाळा व्यवस्थापन समिती सदस्य)

उत्तर : शिक्षण हक्क कायदा 2009च्या अनुसूचीनुसार सहावी ते आठवीचा पट शंभराच्या वर असेल तरच कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांसाठी अंशकालीन निदेशक द्यायचे आहेत. तुमची शाळा त्यात बसत नाही. आमच्या मते हा निकष अन्यायाचा आहे, कारण वाड्यापाड्यांच्या लहान शाळाच त्यातून सुटतात. मात्र पटाची अट निदेशकापुरती आहे. कला हा विषय तुमच्याही मुलांच्या अभ्यासक्रमात आहेच. शाळा विकास आराखडा समितीच करते, त्यात कलासाहित्याची वेगळी ओळ घाला. ‘कलेला प्रोत्साहन द्यावे’ असा ठराव कागदावरच राहतो. रक्कम, वस्तूंची यादी, खरेदीची तारीख आणि जबाबदार शिक्षक, चारही गोष्टी ठरावात लिहा. समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, तेव्हा मत तुमचेच भारी आहे. गावातला कुंभार किंवा ढोलकीवादक बोलवायचा असेल तर त्याचे मानधनही त्यात धरा; फुकट बोलावलेला माणूस दुसऱ्यांदा येतोच असे नाही.

प्रश्न : मुलगी नववीत आहे, शाळेत चित्रकला शिक्षक नाही. इंटरमिजिएट ही शासकीय चित्रकला परीक्षा द्यावी का? (पालक)

उत्तर : जरूर. दहावीला अ श्रेणीसाठी 7, ब साठी 5 आणि क साठी 3 वाढीव गुण मिळतात. मुख्याध्यापकांना नोंदणीची तारीख आत्ताच विचारा. स्वतः तयारी करणारी मुले भूमितीत मार खातात: कंपासचा खिळा सैल, पेन्सिल बोथट, रेषा जाड. स्मरणचित्रात माणसे कागदाच्या मध्यावर इवलीशी काढली जातात. पुढची आकृती कागदाच्या निम्म्या उंचीएवढी काढायची सवय करा. निकालाचे प्रमाणपत्र जपून ठेवा, दहावीला गुणांचा प्रस्ताव शाळेमार्फत मंडळाकडे वेळेत जावा लागतो.