बारोलोची जुनी चव, आवाक्यातल्या किमतीत

प्रश्न : काही वर्षांपूर्वी एका स्नेह्यांकडे इटलीतील पिएमोंते प्रांतातली जुन्या वळणाची बारोलो ही लाल वाइन चाखली आणि ती चव अजून मनातून गेलेली नाही. नामांकित घराण्यांच्या बाटल्या मला परवडत नाहीत, आणि ज्या परवडल्या त्यांतल्या दोहोंना व्हॅनिलाचाच वास होता. तशी वाइन बेताच्या किमतीत मिळू शकेल का?

उत्तर : मिळू शकेल, मात्र त्यासाठी बारोलो या नावाचा आग्रह सोडावा लागेल. आपल्या मनात राहिलेली चव नेब्बिओलो या द्राक्षाची आणि ती वाइन ज्या पिंपात मुरली त्या पिंपाची आहे. जुन्या पद्धतीत रस तीन-चार आठवडे, कधी त्याहूनही अधिक काळ, सालींसह ठेवतात आणि मग वाइन काही हजार लिटर मावणाऱ्या, अनेक वर्षे वापरलेल्या ओकच्या पिंपांत मुरवतात, त्यामुळे लाकडाचा वास तिच्यावर कुरघोडी करत नाही. १९८० च्या दशकात अनेक उत्पादकांनी २२५ लिटरची नवी फ्रेंच पिंपे आणली; आपल्याला आलेला व्हॅनिलाचा वास बहुधा तशाच पिंपांतला असावा. म्हणून खरेदीपूर्वी उत्पादकाच्या माहितीत ‘बोत्ते ग्रांदे’, म्हणजे मोठे पिंप, हे शब्द अवश्य शोधावेत.

माझी पहिली शिफारस पिएमोंतेतल्याच बार्बारेस्को गावच्या ‘प्रोदुत्तोरी देल बार्बारेस्को’ या सहकारी संस्थेची आहे; गावाच्याच नावाची तिथली वाइनही नेब्बिओलोचीच असते. १९५८ मध्ये तिथल्या धर्मगुरूंच्या पुढाकाराने १९ शेतकरी एकत्र आले आणि ही संस्था उभी राहिली. आजही ती केवळ नेब्बिओलोच्याच वाइन करते आणि मोठी पिंपेच वापरते. ज्या वर्षी ती निवडक मळ्यांच्या स्वतंत्र बाटल्या काढत नाही, त्या वर्षी त्या मळ्यांची द्राक्षेही साध्या बार्बारेस्कोत जातात, आणि चोखंदळ ग्राहकाने नेमकी तीच बाटली घ्यावी असे मला मनापासून वाटते.

त्याहून स्वस्त हवी असल्यास जुन्या वळणाच्या बारोलो उत्पादकांची ‘लांगे नेब्बिओलो’, म्हणजे लांगे या टेकड्यांच्या भागातली त्याच द्राक्षाची साधी वाइन, पाहावी. बारोलोला किमान ३८ महिने, त्यांपैकी १८ लाकडात, मुरवण्याचे बंधन आहे. लांगे नेब्बिओलोला ते नाही. त्यामुळे काही जण ती पोलादी टाकीत लवकर तयार करून हलकीफुलकी विकतात. ती वाईट नसते, परंतु आपल्याला हवी ती नव्हे. उत्तरेकडील, आल्प्सच्या पायथ्याची गात्तिनारा ही मुख्यतः नेब्बिओलोचीच वाइनही विसरू नये. तिला ३५ महिने, त्यांतले २४ लाकडात, मुरवावेच लागते, आणि बारोलोच्या मानाने तिचे नाव कमी गाजल्याने किंमतही सहसा बेताची राहते.

पेला पांढऱ्या कागदावर तिरका धरून पाहावा. कडेला विटकरी छटा दिसली, वासात सुकलेला गुलाब आणि किंचित डांबर आले, आणि घोटानंतर हिरड्या आवळल्यासारख्या झाल्या, तर शोध योग्य दिशेने चालला आहे. तरुण बाटलीत हा तुरटपणा कठोर वाटतो. ती दोन-तीन तास आधी रुंद भांड्यात ओतून ठेवावी आणि जेवणासोबतच घ्यावी.