कार्ड बदललं तरी वायफाय बंदच का उठतं?

नवं वायफाय कार्ड दुकानदार परत घेत असेल तर आजच देऊन या. जुनं बहुधा ठीकच होतं.

तुम्ही लिहिलंय की उबुंटू लिनक्सवर दर रीस्टार्टनंतर वायफाय बंद असतं, 'आरएफकिल लिस्ट' (वायफाय-ब्लूटूथ अडवलंय का ते दाखवणारी कमांड) मध्ये सॉफ्ट ब्लॉक 'यस' आणि हार्ड ब्लॉक 'नो' दिसतं, आणि कॉलेज रोडला कार्ड बदलून घेतलं तरी तेच. हार्ड ब्लॉक म्हणजे लॅपटॉपच्या कडेचं सरकतं बटण किंवा बायोसने (मशीन सुरू होतानाच्या मूळ प्रोग्रामने) अडवलेलं. ते सॉफ्टवेअरला उघडता येत नाही. सॉफ्ट ब्लॉक हा नुसता हुकूम, आणि मशीन बंद झाल्यावरही तो लक्षात राहावा म्हणून सिस्टमडी (लिनक्सच्या सेवा सुरू-बंद करणारा प्रोग्राम) तो डिस्कवर लिहून ठेवतं.

जागा अशी: व्हार, त्यात लिब, त्यात सिस्टमडी, त्यात आरएफकिल. इथे प्रत्येक रेडिओची (वायफाय, ब्लूटूथ वगैरे) एक फाइल असते आणि आत एकच आकडा. 0 म्हणजे मोकळा, 1 म्हणजे अडवलेला. खरी गोम फाइलच्या नावात आहे. त्यात कार्डाची कंपनी नाही, मॉडेल नाही, मॅक पत्ता म्हणजे कार्डाचा स्वतःचा ओळख क्रमांकही नाही. ते कार्ड पीसीआयच्या (कार्डं मदरबोर्डाला जोडणाऱ्या मार्गाच्या) कुठल्या पत्त्यावर बसलंय ते, आणि पुढे डब्ल्यूलॅन (म्हणजे वायफाय) की ब्लूटूथ, एवढंच. आमच्या इंदिरानगरच्या सोसायटीत मेंटेनन्सची थकबाकी फ्लॅट नंबरवर चढते. भाडेकरू बदलला तरी वहीतला आकडा हलत नाही. तुमचं नवं कार्ड त्याच स्लॉटमध्ये बसलं आणि जुन्याचा 1 त्याच्या नावे लागला.

मीही यात फसलोय. सातपूरला कामाला असताना एक यूएसबी ब्लूटूथ डोंगल डाव्या पोर्टात मेलेला आणि उजव्यात जिवंत. आम्ही आठवडाभर पोर्टाला शिव्या घातल्या. पोर्ट बदललं की नोंदीचं नाव बदलतं, हे फार उशिरा डोक्यात आलं.

आता उपाय. (कमांड देवनागरीत लिहितोय, टाइप मात्र इंग्रजी स्पेलिंगने करा.) 'आरएफकिल अनब्लॉक वायफाय' द्या आणि लगेच रीस्टार्ट करू नका. नोंद ठेवणारी सेवा बदल झाला की जागी होते आणि साधारण पाच सेकंद हालचाल नसली की झोपते, तेवढा वेळ तिला द्या. मग ती फाइल 'कॅट' करून (कॅट आतला मजकूर दाखवतं) 0 दिसतो का बघा.

0 असूनही पुन्हा बंद उठलं तर दुसरी वही तपासा. नेटच्या जोडण्या सांभाळणारा नेटवर्कमॅनेजर स्वतःची वेगळी नोंद ठेवतो, त्यात 'वायरलेसएनेबल्ड' अशी ओळ असते. तिथे 'फॉल्स' असेल तर तो सुरू होताना वायफाय पुन्हा पाडतो. 'एनएमसीएलआय रेडिओ वायफाय ऑन' ने ती सुधारते. बॅटरी वाचवायला टीएलपी टाकलं असेल तर तिसरा भिडू आलाच. टीएलपीही रेडिओ चालू-बंद करतं, त्यामुळे त्याच्या सेटिंगमध्ये डोकवा.

तरीही शंका असेल तर एकदाच ग्रबमध्ये (सुरुवातीच्या बूट मेनूत) कर्नलच्या ओळीत 'सिस्टमडी डॉट रिस्टोअर अंडरस्कोर स्टेट इक्वल्स 0' जोडून बूट करा. वायफाय चालू उठलं तर चोर पहिल्याच, म्हणजे सिस्टमडीच्या वहीत आहे. त्या बूटला स्क्रीनचा जुना ब्राइटनेसही परत येणार नाही, त्याने घाबरू नका.